दोन निरोपांच्या बाई

"आता कायले?" असं म्हणत बाई खुर्चीच्या अगदी कडेला टेकायच्या आणि हातातली पिशवी मांडीवरून खाली ठेवायच्या नाहीत. चहा विचारला तरी आता कायले, पंखा लावू का म्हटलं तरी आता कायले. मग उठायला दोन तास लागायचे, ती गोष्ट वेगळी. असं घाईत बसणारं माणूस तुम्हीही कुठेतरी पाहिलं असेल. आमच्या बाई भिलाईत अख्खं आयुष्य तशा बसल्या.

सेक्टर दोनमध्ये क्वार्टर मिळालं की माणूस आधी मागच्या अंगणात मुनग्याची, म्हणजे शेवग्याची, फांदी रोवतो आणि नावाची पाटी नंतर लावतो. बाईंच्या अंगणात काही नव्हतं. मी एकदा फांदी घेऊन गेले, तर म्हणाल्या, "वैनी, याले शेंगा येईपर्यंत मी अठी राहून राहिली का?" पुढे कित्येक उन्हाळे त्यांनी आमच्याच झाडाच्या शेंगा खाल्ल्या आणि आमटी बरी झाली नाही म्हणून मलाच बोल लावले.

आमची दोन्ही क्वार्टरं एका भिंतीची. बाई आणि मी सेक्टरातल्याच मिडल स्कूलमध्ये शिकवायचो, मी इतिहास-भूगोल आणि त्या विज्ञान. त्यांचे यजमान, ज्यांना मी भाऊजी म्हणायचे, स्टील प्लांटच्या ड्रॉइंग ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. तिसरं माणूस म्हणजे भाऊजींची आई. तिला सगळी गल्लीच माय म्हणायची. भंडाऱ्याकडलं धानाचं गाव सोडून ती मुलामागे इथे आलेली. बाईंना मूल नव्हतं. लग्नाला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती, म्हणून कोणी विचारत नसे.

भाऊजी संध्याकाळी अप्रेंटिस पोरांना ड्रॉइंग शिकवायला जायचे आणि तेवढ्यापुरता त्यांचा चेहरा बदलायचा. दिवसभर टेबलावर वाकलेला माणूस फळ्यापुढे ताठ उभा राहायचा. आणीबाणी उठून वर्ष झालं असेल, तेव्हा त्यांनी पेपरातली जाहिरात वाचून अर्ज केला, दिल्लीला मुलाखत देऊन आले आणि झांबियातल्या एका सरकारी टेक्निकल शाळेत त्यांना नोकरी लागली. तांब्याच्या खाणींचं गाव होतं ते. गल्लीभर पेढे वाटले. बेत असा ठरला की त्यांनी पुढे जायचं, घर बघायचं, तिथल्याच एखाद्या शाळेत बाईंसाठी विज्ञानाची जागा शोधायची आणि मग बाईंना बोलावून घ्यायचं. जागा मिळणार होतीच. तिकडे विज्ञानाच्या शिक्षकांची चणचण होती.

भाऊजींनी प्लांटचा राजीनामा दिला आणि बाई प्लांटच्याच टाउनशिपच्या शाळेत असल्यामुळे क्वार्टर बाईंच्या नावावर झालं. पुढचं सगळं या एका गोष्टीत होतं, पण तेव्हा आमच्यापैकी कोणाच्याच ते ध्यानात आलं नाही.

माय मात्र जायला तयार नव्हती. भाऊजींनी नाना परीने समजावलं.

"अठीच मरीन मी," माय म्हणाली. "माही राख वैनगंगेत गेली पायजे."

"तिकडं बी नद्या हायेत, माय."

"असतीन. माह्या वळखीच्या नाहीत."

भाऊजी एकटे गेले. बाई म्हणाल्या, सहा महिन्यांचाच तर प्रश्न आहे.

त्या सहा महिन्यांत बाईंनी तयारीचा धडाका लावला. आमची शाळा हिंदी माध्यमाची आणि तिकडे सगळं इंग्रजीतून शिकवायचं. मग शाळा सुटली की बाई व्हरांड्यात उभ्या राहून इंग्रजीतून तास घ्यायच्या. वर्गात विद्यार्थी एकच, माय. सुपात तांदूळ घेऊन ती खडे निवडत बसायची आणि बाईंनी "अंडरस्टँड?" विचारलं की मान वर न करता "यस म्याडम" म्हणायची. झाडं उन्हात आपलं अन्न आपणच शिजवतात, हे तिला त्या तासांत कळलं आणि भाजीवालीपासून सगळ्यांना तिने ते सांगितलं. बाई मधेच अडखळायच्या, इंग्रजी शब्द सापडायचा नाही, मग नुसत्याच उभ्या राहायच्या. अशा वेळी माय म्हणायची, "आपल्या बोलीत सांग ना वो. समजन त्याईले."

बाईंना तिकडचं वेड लागलं ते नुसतं नवऱ्यासाठी नव्हतं. भाऊजींनी कळवलं होतं की तिथल्या शाळेत विज्ञानाची वेगळी खोली आहे.

"हरेक टेबलापाशी नळ हाय म्हणे, वैनी," बाई मला सांगायच्या. "हरेक टेबलापाशी."

आमच्या शाळेची प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट, आणि त्याची किल्ली प्राचार्यांच्या खिशात. गाळण्याचा प्रयोग बाई घरच्या चहाच्या गाळणीने करून दाखवायच्या. पोरांना त्यांच्या घरच्या चहाचा वाससुद्धा पाठ झाला होता. चांगल्या शिकवायच्या हो. नळ मिळाला असता तर काय केलं असतं, असं मला अजून वाटतं.

जागा मिळाली. व्हिसाही आला. मायने गोंदियाला लेकीकडे राहायचं, असं ठरलं. शाळेत निरोप समारंभ झाला, शाल आणि नारळ देऊन. आम्ही सगळ्यांनी मिळून घेतलेली मोठी लाल सूटकेस टेबलावर ठेवली होती. प्राचार्यांनी भाषण केलं, "बहनजी विदेश में हमारे विद्यालय का नाम रोशन करेंगी." बाई रडल्या, आम्हीही रडलो आणि मग सगळ्यांनी समोसे खाल्ले.

मायला गोंदियाला सोडून आठवडा झाला नसेल. मी शाळेतून परत येतेय, तर बाईंच्या पायरीवर बोचकं मांडीवर घेऊन माय बसलेली. पॅसेंजरने एकटीच दुर्गला उतरली होती आणि विचारत विचारत सेक्टर दोनला आली होती. बाई दारात उभ्या होत्या. आत अर्धं सामान बांधलेलं.

"कावून आली, माय? कोनी काही बोललं का?"

"कोनी नाही बोललं. पोरगी तं लय करते. मले करमत नाही तठी." मग थोडं थांबून म्हणाली, "तू जाय ना. मी राहते अठी एकटी."

"अठी कशी राहशीन? मी गेली का क्वार्टर जाते ना, माय."

मायला हे माहीत नव्हतं. घर म्हणजे घर, ते कोणाच्या नोकरीला बांधलेलं असतं, हे तिच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. तिने पाणी मागितलं आणि पाणी पिऊन ती आत जाऊन झोपली.

सोमवारी बाई शाळेत. प्राचार्यांनी राजीनामा अजून वर पाठवला नव्हता म्हणून निभावलं. निरोप दिलेल्या माणसाला परत 'या' कसं म्हणायचं, याची आपल्याकडे रीत नाही. शाल बाईंनी ठेवून घेतली, पण सूटकेस परत आणली. ती त्यांनी घ्यावी असा आमचा आग्रह आणि घेणार नाही असा त्यांचा. शेवटी ती स्टाफरूमच्या कोपऱ्यात पडून राहिली आणि पंधरा ऑगस्टच्या नाटकाचे कपडे तिच्यात जाऊन बसले.

भाऊजी दोन-तीन वर्षांनी सुट्टीवर यायचे. आले की गल्लीत दिवाळी. सगळ्यांसाठी काही ना काही असायचं, पण घरात मात्र टॉवेल कुठे आहे हे त्यांना विचारावं लागायचं. पहिले आठ दिवस बाई त्यांच्यासमोर डोक्यावर पदर घेऊन वावरायच्या. एरवी त्यांच्या डोक्यावर पदर मी कधी पाहिला नव्हता. नवरा-बायकोची ओळख होता होता सुट्टी संपायची. अशीच वर्षं गेली आणि मूल व्हायचं वयही त्यातच निघून गेलं. हे बाई कधी बोलल्या नाहीत. पण पोलिओचा डोस पाजायला आमच्या शाळेत गल्लीतली बाळं यायची, तेव्हा त्या बाळाचे पाय धरायला पुढे व्हायच्या आणि डोस देऊन झाला तरी लवकर सोडायच्या नाहीत.

एकदा मी भाऊजींना स्पष्ट विचारलं. माझा स्वभावच तसा. म्हटलं, "तुम्हीच का परत येत नाही?"

ते रागावले नाहीत. "येऊन काय करू, वैनी? प्लांट आता मले घेत नाही. आन् घेतलं बी, तं पुन्हा वाकून रेघाच माराच्या ना? तिथं मी वर्गात गेलो का पोरं उभी राहतात." मग हळूच म्हणाले, "घर बी मोठं घेऊन बसलो. बायको येईन म्हणून."

मला त्यांच्याशी भांडायचं होतं. पण मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

दुसऱ्यांदा जायचं ठरलं तेव्हा तोड मीच काढली. मायने आमच्याकडे राहायचं. भिंतीपलीकडून भिंतीअलीकडे, गल्ली तीच, भाजीवाली तीच. आमच्या यजमानांची ना नव्हती. मायही खुशीत होती. दुपारी येऊन तिने आमच्या घरात आपली खाट कुठे ठेवायची ते पाहून घेतलं आणि आमच्या स्वयंपाकघराची मांडणी चुकीची आहे हेही सांगून टाकलं. तिकडे भाऊजींनी पुन्हा खटपट केली. नळांच्या शाळेतली जागा भरली होती, पण दुसऱ्या एका शाळेने बाईंना घ्यायचं कबूल केलं.

शाळेत पुन्हा निरोप झाला. शाल नव्हती, पण नारळ होता. प्राचार्यांनी तेच भाषण केलं, फक्त मधे "इस बार" घातलं. सगळे हसले, बाईही हसल्या. त्या हसण्याने मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं.

क्वार्टर सोडायचं म्हणजे टाउनशिपच्या ऑफिसचा माणूस येतो. पंखे, बल्ब, नळाच्या तोट्या, खिडक्यांच्या काचा, सगळं जागेवर आहे ना ते बघतो, मग आपलं कुलूप लावतो आणि किल्ली घेऊन जातो. आम्ही अशी कित्येक क्वार्टरं सोडताना पाहिली होती आणि आम्हाला त्यात काही वाटायचं नाही. मायने मात्र हे कधी पाहिलं नव्हतं. त्या सकाळी आमच्या व्हरांड्यातून उठून ती काय चाललंय ते बघायला गेली. रिकाम्या खोल्यांतून तो माणूस बाहेर आला, त्याने दार ओढून घेतलं आणि कुलूप घातलं. माय कुलपाकडे बघत उभी राहिली.

"आता माह्या लेकाचं घर कोन्तं?" तिने विचारलं.

तिने आकांत केला नाही. रडलीसुद्धा नाही. बाजारात आपण भाव विचारतो तेवढ्याच साध्या आवाजात तिने विचारलं आणि ती उत्तराची वाट बघत राहिली. लेक परत आला तर कोणत्या दारातून येईल, एवढंच तिला हवं होतं. आमचं घर तिच्या लेकाचं घर नव्हतं. झांबियातलं तर तिच्या लेखी नव्हतंच.

मी म्हणाले, "माय, चला, चहा टाकते." ती हलली नाही.

बाई कुलपापाशी आल्या. मग त्या माणसाला म्हणाल्या, "कागज ऑफिस में गया क्या, भैया?"

"अभी तो मेरे हाथ में है, मैडम."

बाईंनी हात पुढे केला. त्या माणसाने एकदा माझ्याकडे बघितलं, मग कागद आणि किल्ली बाईंच्या हातावर ठेवली. "बाई, मी आहे ना इथं, तुम्ही जा," असं मी म्हणाले, दोनदा म्हणाले. त्यांनी ऐकून घेतलं आणि कुलूप उघडलं. मायने आत जाऊन रिकाम्या खोलीत भिंतीला पाठ लावली आणि पाय पसरले. मला तिचा भयंकर राग आला होता. पण राग धरावा असं तिने काहीच केलं नव्हतं, आणि त्याचाच जास्त त्रास झाला. त्या दुपारी बांधलेलं सामान आम्ही दोघींनी मिळून सोडलं. बाई एक एक डबा फळीवर ठेवत होत्या आणि कुठला डबा कुठे होता ते मलाच विचारत होत्या.

दुसऱ्यांदाही राजीनामा मागे घेऊन बाई शाळेत आल्या, पण तिकडचं काही त्यानंतर त्या बोलेनाशा झाल्या. व्हरांड्यातले इंग्रजी तास बंद झाले. मायने एकदा सूप घेऊन बसल्या बसल्या आवाज दिला, "आज शाळा नाही का वो?" बाई म्हणाल्या, सुट्टी आहे. मोठ्या क्वार्टरसाठी त्यांचा नंबर लागला तेव्हा मात्र "आता कायले?" तेवढं म्हणाल्या आणि नंबर सोडून दिला.

माय पुष्कळ जगली. गेली ती पडून न राहता, तापाच्या चार दिवसांत. भाऊजींना पोचणं शक्य नव्हतं. अस्थी घेऊन बाई, मी आणि आमचे यजमान वैनगंगेवर गेलो. पाण्यात उभं राहून बाईंनी मडकं सोडलं आणि ते दिसेनासं होईपर्यंत त्या तिथेच होत्या. परतीच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसून म्हणाल्या, "आता मले अडवाले कोनी नाही, वैनी." सुटल्यासारखं वाटलं नाही ते. दुखल्यासारखं वाटलं.

पण मग हळूहळू तयारी लागली. पुस्तकं बाहेर निघाली. केस पांढरे झालेल्या बाई पुन्हा इंग्रजीतून पुटपुटायला लागल्या. भाऊजींना कळवलं, मी यायला तयार आहे, मिळेल ती शाळा बघा. तिसऱ्या निरोपाचं नाव स्टाफरूममध्ये कोणी काढत नव्हतं. प्राचार्य आता नवे होते, तरी त्यांनाही कोणीतरी सांगून ठेवलं होतं. मीच बाईंना म्हटलं, "यावेळी तुम्ही तिथे पोचल्याचं कळवा, मग आम्ही इथे समोसे खातो." बाई खूप वर्षांनी मोकळं हसल्या.

भाऊजींचं उत्तर आलं की तेच परत येत आहेत. कंत्राट संपलं होतं आणि ते वाढणार नव्हतं. त्यांच्या जागेवर तिथलाच एक तरुण शिक्षक आला होता, त्यांच्याच हाताखाली शिकलेला. यात कोणाचं काय चुकलं? शिकवलेला पोरगा आपल्या जागेवर उभा राहावा, हेच तर मास्तर मागतो.

दुर्ग स्टेशनवर मी बाईंबरोबर गेले होते. दोन ट्रंका घेऊन भाऊजी उतरले. पाठ पुन्हा वाकलेली होती. "संपलं तिकडलं," ते म्हणाले. "तुले दाखवाचं राहूनच गेलं." बाईंनी एका ट्रंकेची कडी धरली आणि म्हणाल्या, "हमाल कायले? तुम्ही दुसऱ्या बाजूनं धरा." दोघं ट्रंक घेऊन पुढे चालले. मी मागे राहिले, कारण मला डोळे पुसायचे होते.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा समारंभ करू नका असं त्यांनीच प्राचार्यांना सांगितलं. क्वार्टर सोडून दोघं दुर्गला पद्मनाभपूरमध्ये स्वतःच्या छोट्या घरात राहायला गेले. भाऊजी जवळच्याच रसमड्याच्या एका कारखान्यात नव्या पोरांना ड्रॉइंग वाचायला शिकवायचे, पण तिथे कोणी उभं राहत नसे. मीही पुढे आमच्या गावी, वर्ध्याला, परत आले. निघण्याआधी त्यांना भेटायला गेले, ती आमची शेवटची भेट.

त्या दिवशी त्यांच्याकडे एक तरुण शिक्षिका आपल्या नवऱ्याला घेऊन आली होती. तिला झांबियात नोकरी लागली होती, भाऊजी जिथे होते त्याच गावात, आणि कोणीतरी तिला भाऊजींचं नाव सांगितलं होतं. तिथे राहायचं कसं, भाजी काय मिळते, असं ती विचारत होती. भाऊजी रंगात येऊन सांगत होते. शाळेतून बाजारात कसं जायचं ते सांगताना चर्चपर्यंत आले आणि अडले. चर्चपासून डावीकडे की सरळ, त्यांना आठवेना. त्यांनी बाईंकडे पाहिलं.

"डावीकडं," बाई म्हणाल्या. "मोठी निळ्या फुलांची झाडं लागतात दोन्ही अंगानं. ती संपली का बेकरी. बेकरीवाला सकाळीच पाव देते, दुपारून नाही. मंग दवाखाना."

भाऊजी खाली कपाकडे बघत होते. इतक्या सुट्ट्यांमध्ये त्यांनी जे जे सांगितलं असेल ते त्यांचं विसरून झालं होतं आणि बाईंकडे सगळं जागच्या जागी होतं.

"मॅडम, आपण किती वर्षं होतात तिथे?" मुलीने कौतुकाने विचारलं.

मला वाटलं बाई चहाचं निमित्त करून आत जातील.

"मी नाही गेली कधी," त्या म्हणाल्या, आणि दवाखान्यापासून पुढचा रस्ता तिला सांगायला लागल्या.